पोफळीच्या बुंध्याशी पुरलेला माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. माझा जन्मच मुळी भट्टीतला. दुसऱ्यांसाठी पाणी गार करता करता माझं आयुष्य गेलं, पण माझी स्वतःची धग काही कमी झाली नाही.

सध्या माझा मुक्काम वसईतल्या एका वाडीत आहे. पोफळीच्या बुंध्याशी गळ्यापर्यंत मातीत पुरलेला आहे मी. तोंडावर एक कौल झाकलेलं आहे आणि त्या कौलावर कावळे खुशाल बसतात. पण एके काळी माझी जागा स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या तिवईवर होती. घरात पाऊल टाकलं की माणूस आधी माझ्याकडे यायचा, मग यजमानांना रामराम करायचा.

मला या घरी आणलं खाडीकडच्या जिजाने. हाऱ्यात मडकी घेऊन ती वाड्यावाड्यांतून फिरायची. "बाय, यो घे," ती म्हणाली, "यातलं पानी प्यालीस का दुसऱ्या पान्याला तोंड नाय लावनार." घराची मालकीण मथुरा. तिने मला टिचकी मारली, कान लावून ऐकलं, पुन्हा टिचकी मारली, आणि रोख पैसे कमी पडले म्हणून वर केळ्यांची फणी देऊन मला घेतलं. केळी घरचीच होती. त्या घरात जे वाडीत पिकतं ते पैशासारखं चालायचं.

मथुराचे यजमान भालचंद्र एका लहानशा कंपनीत कामाला होते. पगार बेताचा. दिवाळीला बोनस मिळायचा आणि त्यावर मथुरा पुढच्या दिवाळीपर्यंतचा संसार बसवायची. तांदूळ, मिरच्या, मीठ, सुकी मासळी, सगळी वर्षाची बेगमी. भाजी मात्र विकत आणायची नाही. वांगी, तोंडली, शेवगा, केळफूल, जे दारी असेल ते पानात. चुकून कधी बाजारची मेथी आलीच, तर मथुरा तिच्याकडे न सांगता आलेल्या पाहुणीसारखी बघायची. मोरीच्या पाण्यावर अळू, तांदूळ धुतलेलं पाणी मिरच्यांना, मासे धुतलेलं लिंबाला, चुलीची राख वांग्यांवर. त्या घरात "टाकून दे" हा शब्द कुणी उच्चारला तर मथुरा म्हणायची, "टाकायचं कुठे? ती जागा दाखव आधी."

आणि होती विमला, त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेतून उन्हाची यायची ती दप्तरासकट माझ्याकडे. दोन्ही हातांनी माझ्या पोटाला मिठी मारायची आणि तापलेला गाल माझ्या ओल्या अंगाला लावायची. आधी एक गाल, मग दुसरा. पाणी नंतर. मित्रांनो, तुम्हाला कुणी असं भेटलं आहे का? मला भेटलं होतं. विमला माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आता माझी पहिली वैरीण सांगतो. परसात पोफळीवर एक पानवेल चढवलेली होती. मथुराच्या सासूने ती आपल्या माहेराहून आणून लावली होती. घरची रीत अशी की मुलीच्या लग्नात देवापुढचा पहिला विडा याच वेलीच्या पानाचा ठेवायचा. मथुराच्या नणंदांची लग्नं तशीच झाली. म्हणून त्या वेलीचे कोण लाड! रोज सकाळी माझ्यातलं शिळं पाणी काढून मला ताजं भरायचे. ते शिळं पाणी कुणाला? तर बाईसाहेबांना. घाम गाळून पाणी गार करायचं मी, आणि बसल्या जागी प्यायचं हिने. वर विमला तिच्या पानांवरून हात फिरवायची. माझा अगदी तिळपापड व्हायचा.

अशी वर्षं गेली. विमला मोठी झाली, आणि शेजारच्या सालोमीकडे फ्रिज आला.

सालोमीचा नवरा रुडॉल्फ कुवेतला होता. त्याने पाठवलेल्या पैशांतून टेम्पोत बसून तो फ्रिज आला. पांढराशुभ्र, अंगावर एक डाग नाही. सगळी आळी बघायला गेली, आणि विमलाही गेली. परत आली ती गार बाटली गालाला लावून! त्या दिवशी तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या अंगावर क्षाराचे पांढरे चट्टे, खाली हिरवट शेवाळ. मी मनात म्हटलं, एकदा मला असा पांढरा करा हो, मग बघा.

कुणी ऐकलं कोण जाणे. त्याच उन्हाळ्यात विमलाला बघायला पाहुणे यायचे होते. मथुरा सामान आणायला बाजारात गेली होती. भालचंद्रांनी खिडकीचे गज रंगवले आणि डब्यात थोडा पांढरा रंग उरला. त्या घरात उरलेला रंग वाळू कसा द्यायचा? ते इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "पाहुण्यांसमोर काय हे ध्यान!" म्हणाले, आणि मला बुडापासून काठापर्यंत ऑइलपेंट फासला. दोन हात दिले, कारण डबा अजून संपला नव्हता.

मित्रांनो, काय दिसत होतो मी! खिडकीतून सालोमीचा फ्रिज दिसायचा. त्याच्याकडे मी अशा तोऱ्यात बघितलं की विचारू नका.

मथुरा परत आली आणि दारातच थबकली. "अहो, हे काय केलंत?"

"रंग उरला होता. वाया गेला असता."

"आणि माठ वाया गेला तो?"

तिचं म्हणणं मला पटलं नाही. पण पाहुणे आले, तेव्हा कळलं. मुलाच्या काकांनी पेला तोंडाला लावला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. पाणी कोमट, त्यात रंगाचा वास. विमला लाजेने लाल झाली. तेवढ्यात कुंपणावरून सालोमीची हाक आली, "मथुराबाय, ह्या बाटल्या घे गो, पाहुण्यांना गरम पाणी नको देऊ!" काका घटाघट प्यायले आणि म्हणाले, "वा, पाणी असावं तर असं!" माझ्या समोर! लग्न जमलं, सगळ्यांची तोंडं गोड झाली, आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. टाकलं नाही, त्या घरात टाकत नाहीत. पेंढा घालून माझ्यात कोंबडी बसवली.

कोंबडीसुद्धा फ्रिजमध्ये बसत नाही, एवढंच काय ते समाधान.

लग्न पुढच्या वैशाखातलं ठरलं. आणि चैत्रात नवंच संकट उभं राहिलं. वाडीच्या सामाईक विहिरीवर पूर्वी रहाट होता. भावकीने तो काढून मोटार बसवली होती. मोटार भसाभसा पाणी ओढायची, आणि त्या वर्षी गोडं पाणी संपून विहिरीला खारं लागलं. वाडीतली मिरची करपली, अळू बसलं. पानवेलीची पानं कडेने तपकिरी होऊन गळायला लागली. दोन शेंडे तेवढे हिरवे राहिले.

"बाजारातून पानं आणू," भालचंद्र म्हणाले. "पानासारखं पान."

"माझ्या नणंदांना घरचं पान, आणि माझ्या लेकीला बाजारचं?" मथुरा म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मुलीला सोनं बेताचंच घालता येणार होतं. मानपानही बेताचाच. मुलीला द्यायला आपल्याकडे कमी नाही असं म्हणता येईल, अशी तिच्याजवळ ती एक वेल होती.

सालोमीच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं. ते आटत आलं होतं, तरी ती म्हणाली, "रोज एक कळशी ने गो मथुराबाय. विमला मला का परकी आहे?" पण उन्हात एक कळशी ओतली की जमीन क्षणात पिऊन टाकायची. तेव्हा मथुराला आठवलं, तिच्या माहेरी नारळाच्या रोपाशेजारी माठ पुरत. माठ भरून ठेवायचा, तो आतल्या आत पाझरतो आणि मुळांना थेंबथेंब मिळतं. "तेवढा एक माठ पुरा," असं सांगून ती पापडांना बसली.

भालचंद्रांना रंगाची चूक भरून काढायची होती. त्यांनी कोंबडीला उठवलं, मला उचललं आणि विमलाच्या मदतीने पानवेलीशी पुरलं. अंगावरची माती आणि कोंबडीची घाण यांत रंग कुठला दिसायला! आणि माझी मनःस्थिती विचारा. ज्या बाईसाहेबांवर मी जन्मभर जळलो, त्यांच्या पायाशी मला पुरलं.

विमलाने मला भरलं. दुसऱ्या दिवशी कौल उचलून पाहिलं तर मी भरलेलाच. "बाबा, किती पुरतंय बघा ना पाणी!" भालचंद्र खूश. तिसऱ्या दिवशीही भरलेला. "काटकसरी माठ आहे आपला," म्हणाले. किती तरी दिवसांनी माझं कौतुक होत होतं, आणि ते मी ऐकून घेतलं. वेलीला थेंबही मिळत नव्हता. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटत होतं.

मग एका संध्याकाळी विमला एकटीच आली आणि माझ्याजवळ मातीत बसली. एक शेंडा वाळला होता. तो तिने हातात धरला. "आईला सांगणार आहे मी," ती वेलीला म्हणाली, "की मला बाजारचं पान चालेल. पण चालणार नाही गं मला." आणि ती रडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काठावर पडलं आणि रंगावरून ओघळून गेलं. पूर्वी असतं तर मी ते पिऊन टाकलं असतं.

तेव्हा मला झिरपायचं होतं. अंगातला जोर लावून झिरपायचं होतं. पण पोटात गोडं पाणी आणि अंगभर रंग! मी नुसता भरलेला बसून राहिलो.

सकाळी पापड वाळत घालून मथुरा आली. तिने कौल उचललं, आत हात घातला, पाणी गळ्याशी. मग तोच ओला हात तिने माझ्या बाहेरच्या मातीत खुपसला. माती कोरडी ठक्क.

"अगो बाय! ह्याला घामच नाही!" तिने बोटाने माती खरवडली आणि खाली पांढरंशुभ्र दिसलं. "अहो! इकडे या आधी! कुठला माठ पुरलात?"

भालचंद्र आले आणि डोकं खाजवायला लागले. "हाच होता रिकामा. वाया जात होता..."

"रंग तुम्ही लावलात ना? मग खरवडा तुम्हीच. करवंटी घ्या, वाळू घ्या, आणि वाळलेल्या झावळ्या आणून द्या मला."

खरवडून खरवडून माझं अंग सोलून निघालं. तरी बारीक छिद्रांत रंग राहिलाच. तेव्हा मथुराने झावळ्या पेटवून मला त्यात आडवं ठेवलं. मित्रांनो, म्हातारपणी पुन्हा भट्टी! रंगाला फोड आले, तो जळाला, राख होऊन गळाला. माझ्या काठाला एक चीर गेली. "फुटला तर?" विमलाने विचारलं. मथुराने आणखी एक झावळी जाळात सारली. मी जीव मुठीत धरून बसलो, पण फुटलो नाही.

काळाठिक्कर, ओरखड्यांनी भरलेला असा मी पुन्हा पुरला गेलो. विमलाने बावखलातली कळशी माझ्यात रिकामी केली आणि काही वेळाने माझ्या अंगाला घाम सुटला. आहाहा! दुसऱ्या दिवशी मी अर्धा रिकामा होतो आणि मथुराने देवाला हात जोडले. माठ रिकामा झाला म्हणून कुणी हात जोडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

लग्नाच्या आधी उरलेल्या शेंड्याला नवी पानं आली. लहान होती, पोपटी होती, पण घरची होती. देवापुढे विडा ठेवला तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, "पान काय कोवळं आहे!" सालोमी म्हणाली, "वेल पुण्यवान गो!" माझं नाव कुणी काढलं नाही. मी मातीत चडफडत होतो. निघताना मात्र विमला शालू सावरत परसात आली, कौल बाजूला करून खाली वाकली आणि चीर गेलेल्या माझ्या काठाला गाल लावला. आधी एक, मग दुसरा. मग गेली. तिच्या सासरी फ्रिज आहे म्हणे. असू दे. जळायचं तितकं मी जळून घेतलं आहे.

त्यानंतर मला फार एकटं वाटायचं. पण पावसाळ्यानंतर एक दिवस पोटाला काहीतरी लागलं. बारीक, मऊ, ओलसर. मग दुसऱ्या बाजूनेही लागलं. ती पानवेलीची मुळं होती. पाण्याच्या ओढीने येऊन त्यांनी हळूहळू माझ्या पोटाभोवती सगळीकडून हात टाकले. विमलानंतर मला अशी मिठी कुणी मारली नव्हती. आता मी तिला बाईसाहेब म्हणत नाही.

जळका स्वभाव गेला असं मात्र समजू नका. परवा भालचंद्र रबरी नळी घेऊन वेलीला पाणी घालायला आले, तेव्हा माझ्या पोटात असं काही दुखलं की बस्स. हिला पाणी द्यायचं ते मी.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. घरातल्या जुन्या वस्तूला चकचकीत करण्याआधी ती कशामुळे उपयोगी पडते ते नीट बघा. आणि कुठे असा पुरलेला माठ दिसला, तर कौल उचलून डोकावा. रिकामा असेल तर भरा. तो रिकामा झाला आहे, म्हणजे कुणीतरी ते पाणी प्यायलं आहे.