आजचा बर्फ

मी एक खोपी बोलतेय. लाकडाची, दोन माणसं गुडघे जुळवून बसतील एवढीच. घरांना पाया असतो, मला नाही. हिवाळ्यात मी गोठलेल्या तळ्यावर उभी असते आणि उन्हाळ्यात थिबोडोंच्या घरामागे गवतात पडून राहते. माझ्या जमिनीखाली तीन महिने मासे फिरतात. तेव्हा माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. मी जे सांगणार आहे ते खरंच पाहिलं की भोकातून वर येणाऱ्या हिरव्या उजेडात मला ते स्वप्नात दिसलं, हे माझं मलाही पुष्कळदा उमगत नाही.

मला लिओनेल थिबोडोने बांधलं, त्याची मुलगी जोसेट नुकती चालायला लागली होती तेव्हा. तो गावातल्या कागदाच्या कारखान्यात कामाला होता. माझ्या फळ्या तिथल्याच, मोडीत निघालेल्या खोक्यांच्या. खिडकी पाडलेल्या शाळेची. एक पत्र्याची शेगडी, दोन बाकडी, मासे धरायला जमिनीत दोन भोकं, बस्स.

"राजवाडाच बांधलास की," त्याची बायको मुरियल म्हणाली होती. "आत मला जागा नाही, म्हणजे तू सुखी राहशील."

बर्फावर राहणारीला एकच काळजी असते. हा टिकेल ना? संध्याकाळी थंडी वाढली की बर्फ लांबवर तडकतो आणि त्याचा आवाज तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गाण्यासारखा घुमत जातो. लोक म्हणतात, आवाज येतो म्हणजे बर्फ जाड होतोय. असेल. मी मात्र दर वेळी दचकते.

लिओनेल माझ्यासारखा दचकत नसे, कारण तो मोजत असे. सकाळी आला की आधी गिरमिटाने बर्फात भोक पाडायचा, खाचा पाडलेली काठी आत सोडायचा आणि जाडीचा आकडा माझ्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहायचा. मगच शेगडी पेटवायची. मागचा आकडा चौकटीवर दिसत असला तरी आजचं भोक चुकायचं नाही. जोसेट लहानपणी बोट लावून ते आकडे वाचायची. अंक ती माझ्या चौकटीवरच शिकली, असं मला वाटतं. कदाचित मी उगाच श्रेय घेत असेन.

लिओनेलचा मित्र क्लोविस मात्र मोजत नसे. एकदा मार्चमध्ये जानेवारीतल्या आकड्याच्या भरवशावर त्याने ट्रक थेट तळ्यावर आणला. पुढची दोन चाकं आत गेली. त्यावरून त्याला अजून ऐकावं लागतं. "क्लोविस, मासे तुझ्या ट्रकचं पार्किंग भाडं मागतायत," असं कोणीतरी दर हिवाळ्यात म्हणतंच.

जोसेट मोठी झाली. बाकड्यावर पाय वर घेऊन अभ्यास करायची आणि मधेच भोकात पाहत राहायची. तळं खालपासून का गोठत नाही? मासे कशावर जगतात? तिला पाण्याचंच शास्त्र शिकायचं होतं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला तसं कॉलेज होतं.

मग ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद झाला.

पूर्वी लिओनेल शनिवारी यायचा. त्या हिवाळ्यात रोज येऊ लागला. गळाला आमिष लावायचंही विसरायचा. तो माशांसाठी येत नव्हता, हे माशांनाही कळलं असावं. ते जवळ येऊन थांबायचे.

कॉलेजच्या मदतीचा अर्ज जोसेटने घरीच भरला होता. त्याची कुरकुर लिओनेलने माझ्याकडे आणली.

"कमाई विचारतात," तो क्लोविसला म्हणाला. "तीसुद्धा दोन वर्षांपूर्वीची."

"त्या साली तू रविवारीही कारखान्यात होतास. नवीन यंत्र आलेलं."

"तेच तर."

"म्हणजे त्यांच्या लेखी तू अजून शेठ आहेस! मला उसने दे."

लिओनेल हसला नाही.

मार्चच्या सुरुवातीला जोसेट बर्फावरून चालत आली. हातात कॉलेजचं पत्र होतं. क्लोविसने ते आधी हिसकावलं आणि मोठ्याने वाचलं. "अभिनंदन! आपल्याला पुढील मदत मंजूर... अगं पोरी! एवढे पैसे!"

"काका, नीट बघा. ही पहिली ओळ म्हणजे अनुदान, ते परत द्यायचं नसतं. दुसरी ओळ म्हणजे कॉलेजातच काही तास काम करून मिळवायचे पैसे. आणि खालचं हे सगळं कर्ज."

"मग अभिनंदन कशाचं?"

"कर्ज मिळाल्याचं."

"तसं असेल तर ट्रकच्या कर्जाच्या वेळी बँकेने मला केक पाठवायला हवा होता."

जोसेट हसली, पण डोळे पत्रावरच होते. अनुदानाची ओळ फारच छोटी होती. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन ती जाणार नव्हती, हे तिने आईला आधीच सांगून टाकलं होतं.

"पापा, मी कॉलेजला फोन केला होता," ती हळूच म्हणाली. "परिस्थिती बदलली असेल तर ते पुन्हा बघतात. कारखाना बंद झाल्याचं पत्र लागेल आणि तुमचं एक पत्र. तुमच्या शब्दांत. महिना संपायच्या आत."

"काय लिहायचं त्यात?"

"की आता नोकरी नाही."

शेगडीतलं लाकूड फुटलं. लिओनेल भोकाकडे पाहत राहिला. "मी कुणाच्या दारात हात पसरलेला नाही, जोसेट. अनोळखी माणसांना काय सांगू, मी बसून आहे म्हणून?"

"पापा..."

"विषय संपला."

ती गेली. लिओनेल एका तळहाताने दुसरा चोळत राहिला, जणू अजून कागदाच्या लगद्याचा वास येतोय. आयुष्यभर त्याने कोरा कागद बनवला होता. कागदावर उतरलं की गोष्ट खरी होते, अशी त्याला भीती असावी. ही भीती मला कळते. मीही कित्येक वर्षं स्वतःला घर समजत होते. मासेमारीच्या नोंदणीत मला "तात्पुरता निवारा" म्हटलंय, हे ऐकल्यावर पूर्ण हिवाळा मी गप्प होते.

दिवस मऊ होत गेले. माझ्या छपरावरून थेंब पडू लागले. मार्चअखेर खोप्या बर्फावरून हलवाव्याच लागतात, आणि जोसेटची मुदतही तेव्हाच संपत होती. आम्हा दोघींच्या पायाखालचं सारखंच विरघळत होतं.

शेवटच्या शनिवारी जोसेट आली ती मुरियलने दिलेलं शिजवलेल्या राजम्याचं गरम भांडं घेऊन. लिओनेल दारात वाकून गिरमिट फिरवत होता. क्लोविस भांड्याचं झाकण उचलून वास घेत होता.

"कशाला मोजताय, पापा?" जोसेट म्हणाली. "चौकटीवर जानेवारीचा आकडा आहे की. वीस इंच. खूप झाला."

"वेडी आहेस का? जानेवारीचा आकडा घेऊन मार्चमध्ये उभं राहायचं?"

"काय बिघडलं? तेव्हा खराच होता ना तो?"

"तेव्हा खरा होता. आज नाही. विचार या क्लोविसला."

"मला कशाला मधे घेता?" क्लोविस तोंडात घास ठेवूनच म्हणाला.

जोसेट बापाशेजारी उकिडवी बसली. "पापा, त्या अर्जातला आकडाही खराच होता. पण दोन वर्षांपूर्वीचा. त्या कॉलेजातली माणसं आपल्या तळ्यावर कधी आलेली नाहीत. त्यांना वाटतंय, इथे अजून ट्रक चालतो. त्यांना आजची जाडी कोण सांगणार? तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

लिओनेलचे हात गिरमिटावर थांबले.

"ही भीक नाही, पापा. तुम्ही रोज करता तेच आहे."

दूर बर्फ तडकला आणि आवाज गात गात आमच्या खालून गेला. मी दचकले, आणि या वेळी लिओनेलही दचकला. त्याने काठी आत सोडली, बाहेर काढली, अंगठ्याने खूण धरली. चौकटीवर आकडा लिहिला. मग पेन्सिल खिशात न ठेवता हात पुढे केला. "वही दे."

गुडघ्यावर वही ठेवून त्याने लिहिलं. लिहिताना जीभ दातांत धरली होती. मग मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणून मला ठाऊक आहे.

"महोदय, अर्जात लिहिलेली दोन वर्षांपूर्वीची कमाई खरी आहे. ऑक्टोबरात कारखाना बंद पडला. आता मला काम नाही. शोधतो आहे. बायको वृद्धाश्रमात स्वयंपाक करते, त्यावर घर चालतं. माझ्या मुलीला पाण्याचा अभ्यास करायचा आहे आणि तिला तो जमेल. लिओनेल थिबोडो."

मग क्लोविस नाक पुसत म्हणाला, "खाली बर्फाची जाडीही टाक. शास्त्राचं कॉलेज आहे, खूश होतील."

त्याच दुपारी त्यांनी मला ओढून काठावर नेलं.

उत्तर आलं तेव्हा मी घरामागे होते. तळं मोकळं झालं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुरियलची किंकाळी ऐकू आली आणि मला वाटलं, काही वाईट झालं. मला नेहमी आधी तेच वाटतं. मग जोसेट धावत मागच्या अंगणात आली, माझं दार उघडून आत बाकड्यावर बसली आणि रडली. अनुदान वाढलं होतं. सगळं नाही सुटलं; थोडं कर्ज राहिलंच. पण तेवढं पेलण्यासारखं होतं.

ऑगस्टमध्ये ती गेली.

आता पुन्हा डिसेंबर आहे आणि मी तळ्यावर आहे. लिओनेल आठवडाभर रस्त्यांवरचा बर्फ काढणारी गाडी चालवतो आणि शनिवारी येतो. माझी एक फळी कुजलीय, दार लागत नाही. किती हिवाळे उरलेत, ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा अर्ज आला असेल, तर एक विनंती करावीशी वाटते: आज पायाखाली किती आहे ते मोजा, आणि सांगा. मला पैशातलं काही कळत नाही; मी चूकही असेन. बर्फाचं मात्र मला थोडं कळतं.

आज सकाळी लिओनेलने काठी बाहेर काढली, चौकटीवर लिहिलं आणि फोन लावला.

"पाच इंच," तो म्हणाला. "चालायला पुरे, ट्रकला नाही. क्लोविसला बजावलंय."

पलीकडून जोसेटचा आवाज आला. "पापा, मी शुक्रवारी येतेय! तोवर आठ होईल ना?"

"शुक्रवारचं मी शुक्रवारी सांगेन," लिओनेल म्हणाला. पण फोन ठेवल्यावर त्याने दुसरं बाकडं बाहीने पुसून ठेवलं.