मागच्या दाराचं गिऱ्हाईक

खानावळ पुढून बघायचीच नाही, अशी मीटरवाल्यांची ठाम समजूत होती. पुढून बोर्ड दिसतो, मागून भांडी दिसतात. आणि नोकरीच अशी की त्यांना सगळं मागूनच दिसायचं, कारण विजेची मीटरं बसवलेली असायची मागच्या बोळात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. आकडे लिहिता लिहिता त्यांची नजर आत जायची. कांदा आत्ता चिरलाय की सकाळपासून पडलाय, तेलाचा रंग काय म्हणतोय, आणि मुख्य म्हणजे रांधणारं माणूस स्वतः तिथलंच जेवतं की घरून डबा आणतं. डबा दिसला की मीटरवाले आकडा लिहून मुकाट्याने पुढे जायचे.

कमी पैशात बोटं चाटत उठावं अशा कितीतरी जागा त्यांनी अशा हुडकून काढल्या होत्या. ऑफिसात कोणाकडे पाहुणे आले, कोणाला बढती मिळाली, की पहिलं वाक्य असायचं, "मीटरवाल्यांना विचारा." या एका बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा होता. घरात त्यांचा शब्द किती चालायचा हे मात्र विचारू नका. पडदे, पाहुणे, मुलीची शाळा, त्यांच्या स्वतःच्या शर्टाचा रंग, सगळं त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, ठरवायच्या.

बाई डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायच्या. आलेल्या प्रत्येकाला "या साहेब, बसा ताई" म्हणून नाव लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. सामान उचलणाऱ्या हमालालाही त्या कधी अरे म्हणाल्या नाहीत. लोक काय हाक मारतात त्यावर माणसाची किंमत ठरते, असं त्यांचं मत होतं, आणि दिवसभर खुर्चीत बसून त्यांनी ते पक्कं करून घेतलं होतं.

म्हणूनच मीटरवाल्यांनी एकदा हौसेने त्यांना आपल्या सर्वांत आवडत्या खानावळीत नेलं, तेव्हा बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. खानावळ एका म्हाताऱ्या मावशींची होती. मागच्या दारातून मीटरवाले आत वाकले आणि चुलीपासून आवाज आला, "आला का बोका! आधी हात धू. आणि झाकणांना हात लावशील तर बघ!"

बोका! मागच्या दाराने येतो आणि भांड्यांची झाकणं उघडून बघतो, म्हणून बोका. चार लोकांत, केस पिकलेल्या माणसाला! आणि हे महाशय रागावायचं सोडून सगळे दात दाखवून हसत होते.

"मावशी, खरवड ठेवलीस ना गं?"

"ठेवली बाबा, ठेवली. नाहीतर रडशील."

भाताच्या पातेल्याच्या बुडाला जो खरपूस थर धरतो, तो मावशी उलथन्याने खरवडून त्यांच्यासाठी झाकणावर काढून ठेवायच्या. ती काही विकायची वस्तू नव्हती. घरात जे शेवटी जेवतात त्यांच्या वाट्याला ती येते. मीटरवाले ती उभ्याउभ्या, हातावर घेऊन खायचे. बाईंनी रस्सा खाल्ला, तो उत्तम होता हे त्यांना मनात कबूल करावं लागलं, पण परत त्या तिकडे फिरकल्या नाहीत.

पुढे मुलीने स्वतःच एक मुलगा पसंत केला. बाईंनी शोधूनही त्यात खोट सापडेना. मुलाचे वडील वकील, आई शाळेची मुख्याध्यापिका. आईवडिलांची गाठभेट तेवढी राहिली होती. बाईंनी गालिच्याचं हॉटेल मनात पक्कं केलं होतं, तेवढ्यात वकिलांचाच फोन आला. "हॉटेलं नेहमीचीच हो. तुमची मुलगी तुमच्या खानावळींबद्दल इतकं सांगते, तर आम्हाला तिकडेच न्या की."

मीटरवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. शर्टाला त्यांनी स्वतः इस्त्री केली. "व्याह्यांनी तोंडाने मागितलंय," ते दिवसातून दहादा म्हणायचे, आणि बाईंना प्रत्येक वेळी एकच शब्द ऐकू यायचा. बोका. वकिलांसमोर, मुख्याध्यापिकेसमोर, बोका. मुलीचं सासर जन्मभर ते लक्षात ठेवणार.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. ते म्हणाले असते, "मग काय झालं?" म्हणून भेटीच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत बाई एकट्याच खानावळीत गेल्या. पुढच्या दाराने.

मावशी लसूण सोलत होत्या. बाईंनी आधी टेबलावर कापड घालायची विनंती केली, मग स्टीलच्या ग्लासांऐवजी काचेचे मिळतील का विचारलं. मावशींनी दोन्हीला मान डोलावली.

"आणि अजून एक," बाई म्हणाल्या. "मुलीच्या सासरची माणसं आहेत. उद्या ह्यांना जरा अहो-जाहो करा. ते... ते नाव नको."

"बोका म्हणू नको?"

"नको. आणि फार ओळखसुद्धा दाखवू नका. इतर गिऱ्हाइकांसारखंच."

मावशींनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. "मग काय म्हणू?"

"साहेब म्हणा."

"साहेब," मावशींनी म्हणून बघितलं, मिठाचा अंदाज घ्यावा तसं. "त्याला माहीत आहे हे?"

"नाही. तुम्ही सांगूही नका."

"बरं बाई. तुम्ही घरच्या. तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी वकील आणि त्यांच्या पत्नी वेळेवर आले. मुलगीही आईबाबांबरोबर आली होती. माणसं साधी निघाली. सगळे बोळाकडे वळले, तसे मीटरवाले पुढे होऊन वकिलांना म्हणाले, "पुढचं दार गिऱ्हाइकांचं. आपण मागून जायचं. आणि आता बघा गंमत, म्हातारी मला काय नावाने हाक मारते! आधीच सांगून ठेवतो, बोका म्हणते मला. बोका!"

वकील खदखदून हसले. "वा! मग आम्हाला काय म्हणेल?"

"तुम्हालाही ठेवेल एखादं. माणूस आवडला की नाव ठेवते."

मुख्याध्यापिकाबाई सुद्धा हसल्या. "शाळेत मला मुलं घूस म्हणतात," त्या म्हणाल्या, "त्यांना वाटतं मला माहीत नाही."

ज्या गोष्टीची लाज म्हणून एवढा खटाटोप केला, ती ह्यांनी रस्त्यातच हौसेने वाटून टाकली होती आणि पाहुण्यांना ती आवडलीही होती. धावत पुढे जाऊन मावशींना थांबवावं असं त्यांना वाटलं. पण बोळ अरुंद, आणि पुढे मीटरवाल्यांची पाठ.

"मावशी! बोका आलाय, बोका! आणि बरोबर पाहुणे आणलेत!"

मावशी चुलीपासून वळल्या. पदराला हात पुसले. "साहेब," त्या म्हणाल्या, "पुढच्या दाराने या. इकडे कामं चाललीत."

मीटरवाले हसले. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. "अगं, काय साहेब लावलंयस? मी आहे."

"हो साहेब. पुढे बसा. टेबल मांडलंय."

सगळी वरात बोळातून परत फिरली. पुढे टेबलावर स्वच्छ कापड होतं, काचेचे ग्लास होते. इतर टेबलं उघडी होती. जेवण आलं, रस्सा नेहमीसारखाच झाला होता, आणि पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. पण मीटरवाल्यांचं लक्ष जेवणात नव्हतं. मावशी जवळून गेल्या की ते मान उंचावायचे, ओळखीचं हसायचे. मावशी पानात वाढायच्या आणि पुढे जायच्या.

शेवटी त्यांनी हुकमाचं पान काढलं. "मावशी, पाहुण्यांना आपली खरवड दाखव की गं."

"खरवड गिऱ्हाइकांना देत नाही आम्ही, साहेब."

हे म्हणताना मावशींनी एकदा बाईंकडे बघितलं. फक्त एकदा. तुम्ही सांगितलं, मी केलं, आता तुम्ही बोला, असं काहीसं त्या बघण्यात होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'मीच सांगितलं होतं हो यांना' एवढं बाई हसून म्हणाल्या असत्या तर सगळे हसले असते, बोका परत बोका झाला असता. पण मग वकिलांनी विचारलं असतं, का सांगितलंत? आणि नवऱ्याची लाज वाटते म्हणून, हे उत्तर व्याह्यांसमोर कोणत्या तोंडाने द्यायचं? बाईंनी मान खाली घातली आणि भात कालवत राहिल्या. कालवलेलाच भात पुन्हा कालवत राहिल्या.

"गडबडीत असतील," वकील समजुतीने म्हणाले. "होतं असं."

"हो, हो. गर्दी आहे ना," मीटरवाले म्हणाले. गर्दी नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी ग्लास उचलला, रिकामा आहे हे बघून खाली ठेवला आणि मावशींना म्हणाले, "जरा पाणी देता का?"

'देतेस का' नाही, 'देता का'. बाईंच्या कानाने ते अचूक टिपलं. दिवसभर त्या हेच तर ऐकतात.

निरोप घेताना वकिलांनी मीटरवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच प्रेमाने म्हणाले, "आमचा एक भाऊ आहे, त्याच्याही अशाच सगळीकडे ओळखी असतात!" मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. मुलगी कानापर्यंत लाल झाली. घरी येताना बसमध्ये ती एवढंच बोलली, "बाबा, कशाला थापा मारायच्या?"

मीटरवाले खिडकीतून बाहेर बघत होते. "म्हातारं माणूस आहे," ते म्हणाले. "विसरली असेल." मग बाईंकडे न बघता, "मागच्या वेळी मी तिला म्हणालो होतो, आज मीठ कमी पडलंय. ते लागलं असेल का गं तिला?"

बाईंना बसमधून उतरून पळून जावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "असेल. म्हातारी माणसं हळवी असतात." आणि हे बोलल्या क्षणी आपलीच जीभ झडावी असं त्यांना वाटलं.

लग्न ठरलं. वकिलांकडून होकाराचा फोन आला, मुलगी आनंदात होती, ज्याची भीती होती ते काहीच झालं नव्हतं. फक्त मीटरवाल्यांनी घरून डबा न्यायला सुरुवात केली. त्या बोळाचे आकडे त्यांनी सहकाऱ्याच्या गळ्यात घातले. ऑफिसात कोणी विचारलं, कुठे जेवायला जावं, तर म्हणू लागले, "मला कुठलं काय कळतंय." डबा परत यायचा तो अर्धा भरलेला.

डबा घासताना बाईंना ते दिसायचं. शेवटी न राहवून त्या पुन्हा मावशींकडे गेल्या. या वेळी मागच्या दाराने, चोरासारख्या.

"मावशी, चुकलं माझं. तुम्ही त्यांना पूर्वीसारखं म्हणा. मी त्यांना घेऊन येते."

मावशींनी पातेलं उतरवलं. "साहेब म्हण म्हणून सांगता येतं, बाई. म्हटलं मी. तोंड कडू झालं माझं दिवसभर, तरी म्हटलं. पण बोका म्हण, असं सांगून कसं होईल? त्याचं तो आला पाहिजे." उलथन्याने त्यांनी पातेल्याच्या बुडाचा खरपूस थर मोकळा केला आणि बाईंच्या डब्यात घातला. "हे द्या त्याला. आणि काय झालं ते तुमच्या तोंडाने सांगा. त्याला वाटत असेल, मी विसरले."

संध्याकाळी मीटरवाले कामावरून आले, हातपाय धुऊन टेबलाशी बसले. बाईंनी डबा समोर ठेवला आणि झाकण काढलं. वाटेत खरवड थोडी मऊ पडली होती, पण वास तोच होता. मीटरवाल्यांचा चेहरा असा उजळला, की बाईंना तो बघवेना.

"मावशीने दिली? आठवण आहे तिला?"

"तिला सगळी आठवण आहे," बाई म्हणाल्या. "ती काही विसरली नव्हती. मीठबीठ काही नाही. मीच जाऊन सांगितलं होतं तिला, ओळख दाखवू नका म्हणून. साहेब म्हणा म्हणून. व्याही काय म्हणतील याची मला... मला लाज वाटली."

"व्याह्यांची?"

"नाही," बाई म्हणाल्या. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तुमची."

मीटरवाले रागावले असते, ताट भिरकावलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी खरवडीचा एक तुकडा उचलला, बोटांत धरला आणि परत डब्यात ठेवला. झाकण लावलं. मग त्यांनी डबा हळूच बाईंच्या पुढ्यात सरकवला आणि उठून उभे राहिले.

"जेवून घ्या तुम्ही," ते म्हणाले.

बाईंना वाटलं, आपल्याला आणि मुलीला मिळून म्हणाले असतील. पण मुलगी बाहेर गेली होती. घरात दुसरं कोणीच नव्हतं.