फितवलं

"बद्रीनाथनं फितवलं माझ्या लेकाला. त्यो तसा न्हाई, साहेब," सोनूबाई हात जोडून म्हणाली.

निजामाच्या राज्यात अंबडच्या कचेरीत कारभार उर्दूत चाले. गोदाकाठच्या माणसांची मराठी न्याय देणाऱ्या मुन्सिफसाहेबांना उर्दूत सांगायची, हेच केशवरावांचं वर्षानुवर्षांचं काम. सत्तेचाळीस साल सरत आलं होतं. शिंदीच्या दारूवरचं सरकारचं उत्पन्न बुडावं म्हणून चळवळीतले लोक शिंदीची झाडं तोडत होते. शहागडला सोनूबाईचा लेक मच्छिंद्र कुऱ्हाडीसकट सापडला. दिराचं, बद्रीनाथचं नाव घे, पोरगा सुटेल, असं पोलीस पाटलानं तिच्या कानात घातलं होतं.

केशवराव 'बहकाया' म्हणणार, तेवढ्यात मुन्सिफसाहेबच पुढं झुकले.

"फितवलं? यानी फ़ितना?"

फ़ितना म्हणजे बंड.

"हुजूर, शब्द तिथूनच आला म्हणतात," केशवराव उर्दूत म्हणाले, "पण आमच्या बायका तो घरात वापरतात. शेजारणीनं सुनेला फितवलं, असं. नादी लावलं, एवढंच."

"जड़ तो एक ही है ना?"

दाराशी पोलिसांचा अमीन उभा होता. मागच्याच महिन्यात कचेरीतल्या एका कारकुनाला चळवळीच्या संशयावरून उचललं होतं. केशवरावांनी खाली पाहिलं.

"जी हुजूर. एक ही है."

मच्छिंद्र सुटला. त्याच संध्याकाळी बद्रीनाथला शेतातून धरून नेलं.

बाहेर सोनूबाईनं त्यांना गाठलं. "दादा, म्या बंडाचं कुठं बोलले? लेकराला नादी लावलं, इतकंच म्हन्ले ना?"

"इतकंच म्हणालात, बाई."

"मंग तुमी सांगितलं का न्हाई बराबर?"

"सांगितलं," केशवराव म्हणाले, आणि भराभर चालू लागले.

पुढच्या पावसाळ्यात बद्रीनाथ औरंगाबादच्या तुरुंगात तापानं गेला. महिन्या-दीड महिन्यात निजामाचं राज्यही गेलं. तुरुंग उघडले, माणसं घरोघर परतली.

दिवाळीनंतर केशवराव शहागडला गेले. कशासाठी, ते घरी त्यांना सांगता आलं नव्हतं. एकाच अंगणात समोरासमोर दोन दारं होती. एका उंबऱ्यात बद्रीनाथची बायको गोजरबाई तांदूळ निवडत होती. दुसऱ्या दारात सोनूबाईनं त्यांना ओळखलं, पाणी दिलं.

मच्छिंद्र शेतातून आला. दोन्ही घरची जमीन आता तोच कसत होता. आईनं ताट वाढून पुढं ठेवलं. त्यानं ते उचललं, अंगण ओलांडलं आणि चुलतीच्या उंबऱ्याशी बसून जेवू लागला.

केशवरावांनी तांब्या खाली ठेवला.

"कधीपासून असं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

मच्छिंद्रची भाकरी संपत आली, तशी सोनूबाई उठली. दुरडीतली एक भाकरी घेतली, अंगणाच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

गोजरबाई उठून आली. तिनं ती भाकरी हातात घेतली आणि मच्छिंद्रच्या ताटात टाकली.