एक्केचाळीस नंबरच्या डबीची हकिगत

नागपूरहून हर्रासासाठी, म्हणजे लिलावासाठी, आलेल्या पोरांनी नानाजी वकिलांच्या चांदीच्या चौऱ्याहत्तर डब्या एका दिवसात पुसल्या, त्यांचे फोटो काढले आणि सगळी झाकणं एका टोपलीत टाकून दिली. झाकणं काय, नंतर बसवू, असं त्यांना वाटलं. स्टीलच्या डब्यांचं जग पाहिलेली पोरं ती. हातानं घडवलेल्या डबीला जगात एकच झाकण बसतं, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

रूपालीला ठाऊक होतं. हर्रास तीच पुकारणार होती आणि वणीच्या मंगल कार्यालयाचा हॉल रविवारसाठी ठरला होता. शुक्रवारी सकाळी ती वकिलांच्या बंगल्यात फरशीवर बसली आणि दुपारपर्यंत तिनं सहा झाकणं बसवली. सातवं अत्तरदाणीवर अडकलं, ते काढताना काठ वाकला. मग ती उठली आणि नानाजींचं रजिस्टर चाळायला लागली.

नानाजी गेल्या उन्हाळ्यात वारले होते. जन्मभर कोर्टात काळा कोट घालून उभा राहिलेला माणूस, आणि जन्मभराचा एकच शौक. कुंकवाचे करंडे, तपकिरीच्या डब्या, चुनाळी, पानदानं, त्यांच्या जोडीला अडकित्ते, जुनी कुलपं, काठ्यांच्या मुठी, कुठल्याशा साहेबाची सिगारेट केस. प्रत्येक वस्तूला नंबर, प्रत्येक नंबरला पान. पानावर कुठून आणली, कधी आणली, वजन किती. आणि खाली दर पंधरा दिवसांनी एक ओळ: सफाई, कोकिळा. बावीस वर्षं ही ओळ चालली होती. मग एका डिसेंबरात थांबली.

"ही कोकिळा कोण?" रूपालीनं नानाजींच्या मुलाला, रवीला विचारलं.

"होती एक कामवाली," रवी म्हणाला. तो पुण्याहून बंगला आणि सामान विकायला आला होता. "रेल्वेच्या फाटकापलीकडच्या वस्तीत राहायची. पण तिला नका बोलावू."

का, ते त्यानं सांगितलं नाही. रूपालीनं विचारलंही नाही. ती स्कूटी घेऊन फाटक ओलांडून गेली.

कोकिळा दारात तूर निवडत बसली होती. वय अठ्ठावन्न, हात मात्र त्याहून म्हातारे. वकिलाचं नाव ऐकलं तसं तिनं सूप खाली ठेवलं.

"त्या घरात मी पाय ठेवत नाई, बाई."

"मावशी, दोन दिवसांचं काम आहे. चौऱ्याहत्तर डब्यांची झाकणं..."

"किती म्हन्लं?"

"चौऱ्याहत्तर."

"त्र्याहत्तर असतीन."

"चौऱ्याहत्तर, मावशी. मी स्वतः मोजल्या."

कोकिळा उठली. सूप तसंच राहिलं, कोंबडी येऊन त्यात चोच मारून गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

आता हे त्र्याहत्तरचं प्रकरण सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी, त्या डिसेंबरात, एक्केचाळीस नंबरची डबी कपाटातून गायब झाली. तपकिरीची, आवळ्याएवढी, झाकणाला एक चेप. बाजारात मोडीत घातली तर महिन्याचा किराणा आला असता की नाही शंका. नानाजींनी घर उलटंपालटं केलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. कोकिळेला समोर उभं केलं आणि म्हणाले, "पोलिसात देत नाही, हे माझे उपकार समज." मग कॉलनीत घरोघर सांगितलं. आठवड्यात कोकिळेची सहाच्या सहा घरं गेली. नवरा दोन वर्षं आधीच वारला होता. पोरगी प्रेरणा दहावीत होती, तिच्या वर्गातल्या पोरी दप्तरं मांडीवर घेऊन बसायला लागल्या.

चांदीला तिचा हात चालत होता हो. कुंकवाच्या करंड्याला चालत होता, देवाच्या ताम्हनाला चालत होता, कारण घासून दिल्यावर ते चकचकीत दिसतं. त्याच घरातल्या पाण्याच्या माठाला मात्र तो चालत नव्हता. बावीस वर्षं ती बागेतल्या नळाला तोंड लावून पाणी प्यायली. असल्या घरानं तिला इमान शिकवावं, आणि उपकाराची भाषा करावी.

त्या आठवड्याच्या शेवटी एकच बाई तिच्या दारात आली. इंदूबाई. थोडं कापसाचं वावर असलेली, एकटी राहणारी कुणब्याची विधवा. कोकिळेनं तिचं तोंड फक्त भाजीबाजारात पाहिलं होतं. इंदूबाईनं घराची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"सकाळी सातले येत जाय. मी आठपर्यंत झोपतो."

"बाई, तुमाले ठाऊक नाई का? लोक मले चोट्टी म्हून राह्यले."

"म्हनू दे ना. माह्या घरात चोरण्यासारखं काय आहे, ते सापडलं तर मलेबी दाखव."

इंदूबाई काही संत नव्हती. पहिली दोन वर्षं कोकिळेचा कप वेगळ्या फळीवर असायचा. मग एक दिवस तो फुटला आणि इंदूबाईनं दुसरा आणला नाही. घरातल्याच कपातला एक पुढे सरकवला. पण किल्ली पहिल्या दिवसापासून होती. त्या किल्लीवर हळूहळू बाकीची घरं परत आली, प्रेरणा शिकली, यवतमाळला नोकरीला लागली. नाव मात्र परत आलं नाही. कॉलनीतून जाताना अजून एखादी बाई दोरीवरचं कापड उगाच आत न्यायची.

म्हणून कोकिळा आधी इंदूबाईकडे गेली.

"चौऱ्याहत्तर म्हन्ते ते नागपूरची पोरगी. वकिलानं मागून एखादी आनखी घेतली असन का?"

"मले काय माहीत? जाऊन पाह्य."

"आन नसली तर?"

"तर झाकनं लाव, मजुरी घे, ये. माह्यं पानी भराचं आहे."

शनिवारी सकाळी कोकिळा अकरा वर्षांनी त्या बंगल्यात शिरली. रवीनं मान हलवल्यासारखं केलं आणि तो फोन घेऊन मागच्या खोलीत गेला. कोकिळेनं फरशीवर जुनं धोतर पसरलं, डब्या मांडल्या, टोपली जवळ ओढली. नंबर ती बघतच नव्हती. झाकण उचलायची, अंगठा काठावरून फिरवायची, डबीवर टेकवायची. बरोबर जोडी जुळली की आतली हवा बारीक फुस्स करून बाहेर यायची आणि झाकण आपोआप खाली बसायचं. चुकीचं असलं तर खरखर.

"असा आवाज आला पाह्यजे," ती रूपालीला म्हणाली. "डबी श्वास सोडते."

"तुम्हाला कोणी शिकवलं, मावशी?"

"कोन शिकवते? उलटं लावलं तं साहेब ओरडत."

अडतीस जोड्या झाल्या. एकोणचाळिसावं झाकण तिनं उचललं आणि हात थांबला. चेप. डब्यांच्या गर्दीतून तिनं नजर न टाकता आवळ्याएवढी एक ओढली. टेकवली. फुस्स.

तिनं ती डबी मुठीत धरली. मग म्हणाली, "ते रजिस्टर द्या बरं."

सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर ओळखत होती. एक्केचाळीस नंबरच्या पानावर शेवटी डिसेंबरातली नोंद होती: गहाळ, कोकिळेकडून. त्याच्याखाली पाच आठवड्यांनंतरची तारीख, तेच वळणदार अक्षर: काळ्या कोटाच्या आतल्या खिशात सापडली.

बस्स. पुढे काही नाही.

कुणाला तरी दाखवायला त्यानं डबी कोर्टात नेली असेल, खिशात विसरला असेल. सापडली तेव्हा रजिस्टर दुरुस्त केलं. रजिस्टरात खोटं राहिलेलं त्याला खपलं नाही. गावात एक बाई खोटी राहिली, ते मात्र दहा वर्षं खपलं, रोज दोन वेळ जेवून खपलं. जन्मभर पुरावा मागणाऱ्या वकिलाच्या घरात पुरावा पडून होता, आणि फाटक होतं अर्ध्या किलोमीटरवर.

कोकिळा रडली नाही. तिनं हात धोतराला पुसले आणि ते मांडीवर ठेवले.

"आता बाकीची झाकनं मी लावत नाई."

रूपालीनं पान वाचलं होतं. तिचा चेहरा उतरला. "मावशी, उद्या हर्रास आहे."

"म्हूनच. तुमी उद्या डबी दाखवतान तवा काय बोलता?"

"हकिगत सांगते. कुठली, कोणाची, काय झालं तिचं. हकिगत सांगितल्याशिवाय जुन्या वस्तूला गिऱ्हाईक नसतं. नुसत्या वजनावर जाते."

"मंग हेची बी सांगा. इथं लिवली आहे तशी. वरची ओळ बी आन खालची बी. माह्यं नाव घेऊन."

रवीला बोलावलं. त्यानं पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"आता झालं ना, रवीभाऊ."

"कोकिळाबाई, बाबा गेले. तुम्हाला जे काही... मी समजून घेईन. पण चारचौघांत कशाला? सगळी कॉलनी येणार आहे."

"मले चोट्टी म्हन्लं ते चारचौघातच म्हन्लं जी. माफी तेवढी मागच्या खोलीत काहून?"

रवी खिडकीकडे गेला. रूपाली म्हणाली, "सर, एकोणतीस डब्या अजून झाकणाविना आहेत." तिनं आवाज चढवला नाही. "आणि मी स्वतःही ही डबी अर्धी हकिगत सांगून विकणार नाही. माझ्या धंद्यात ते चालत नाही."

खिडकीतून रवीला बागेतला नळ दिसत होता. त्याला तो आठवत असेल, नसेल. शेवटी तो म्हणाला, "वाचा." लाज वाटली म्हणून म्हणाला की झाकणांसाठी म्हणाला, ते त्यालाच ठाऊक. कोकिळेला त्याचं काही पडलं नव्हतं. तिनं पुढचं झाकण उचललं.

रविवारी हॉल भरला. नागपूर-चंद्रपूरचे हौशी लोक पुढे, वणीचे सराफ मध्ये, आणि मागे कॉलनी, विकत काही घ्यायचं नाही पण बघायचं सगळं. इंदूबाईनं पहिल्याच रांगेत खुर्ची धरली होती. कोकिळा तिच्या शेजारी, हिरव्या काठाच्या पांढऱ्या साडीत.

चाळीस नंबर गेला. रूपालीनं ती छोटी डबी उंच धरली.

"नंबर एक्केचाळीस. तपकिरीची डबी, झाकणाला चेप. ही डबी अकरा वर्षांपूर्वी डिसेंबरात कपाटातून नाहीशी झाली. मालकांनी रजिस्टरात लिहिलं, गहाळ, कोकिळेकडून. श्रीमती कोकिळाबाईंनी बावीस वर्षं हा संग्रह सांभाळला होता. त्यांच्यावर चोरीचा आळ आला, काम गेलं. पाच आठवड्यांनी ही डबी मालकांच्याच काळ्या कोटाच्या आतल्या खिशात सापडली. तशी नोंद मालकांच्या हस्ताक्षरात आहे, रजिस्टर इथे टेबलावर आहे, ज्यांना पाहायचं त्यांनी पाहावं. कोकिळाबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काल या हॉलमधली अडुसष्ट झाकणं त्यांनी बसवली. बोली सुरू."

 मागून कुणी बाई पुटपुटली, "आमाले काय माहीत होतं?" इंदूबाई खुर्चीवरूनच मागे वळली. "इचारलं होतं का?" म्हणाली, आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

सराफांनी दोन-चार बोल्या लावून सोडून दिलं. महागावहून आलेले एक निवृत्त मास्तर, रूपसिंग, जिद्दीला पेटल्यासारखे बोलत राहिले. एक वार, दोन वार, तीन वार. डबी त्यांची झाली. ते टेबलाशी आले तेव्हा पैसे काढण्याआधी म्हणाले, "ताई, जे वाचलं ते मले कागदावर लिहून पाहिजे. सहीनिशी. त्याच्याबिगर मी डबी नेत नाई."

रूपालीनं लिहून दिलं. रूपसिंगांनी घडी केली आणि डबीत ठेवायला गेले तर झाकण लागेना. कोकिळा उठली.

"उलटं धरलं जी. चेप आपल्याकडे पाह्यजे."

फुस्स. मास्तरांनी डबी कानाशी धरली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली, आणि लहान मुलासारखे हसले. "मावशी, मी हे कोनाले बी दाखवीन तवा तुमचं नाव सांगीन."

"सांगजा," कोकिळा म्हणाली. 

बाहेर इंदूबाईनं तिच्या दंडाचा आधार घेतला. ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "एवढीशीच होती व? मले वाटलं, असन मोठी कायतरी. एवढ्याशासाठी अकरा वर्सं?"

"एवढीशीच, बाई."

"चेपलेली."

"हो."

इंदूबाईच्या घराशी आल्यावर कोकिळेनं कमरेची किल्ली काढली आणि कुलपाला लावली. मग थांबली.

"बाई, त्या दिवशी तुमी मले किल्ली काहून देली होती?"

"माह्ये गुडघे. दार उघडाले रोज उठा लागे."

कोकिळेला माहीत होतं की हे खोटं आहे. त्या वर्षी इंदूबाई स्वतः कापूस वेचायला जात होती. वकिलानं पोलिसात न दिल्याचे उपकार तोंडावर ऐकवले, आणि या बाईला विचारलं तर ती गुडघे पुढे करते. कोकिळा आत गेली. चहा टाकला. इंदूबाईला साखर वर्ज्य, डॉक्टरनं सांगितलेलं, कोकिळा रोज मोजून अर्धा चमचा टाकायची. आज तिनं पूर्ण टाकला, वर थोडी आणखी, आणि फळीवरचे दोन सारखे कप उतरवले.

इंदूबाईनं घोट घेतला, कपाकडे पाहिलं, कोकिळेकडे पाहिलं.

"साखर जास्त झाली."

"हो, बाई."

"डॉक्टरले सांगू नको," इंदूबाई म्हणाली, आणि कप रिकामा करून पुन्हा पुढे केला.