तिसरी गादी

मी एक गादी बोलतेय. जरा हळूच बोलते, तेवढं सांभाळून घ्या. या घरात माझा सुगावा लागला तर तीन मुलींचं सामान रस्त्यावर येईल, आणि त्या सामानात मीही आलेच. मी मुळातली भित्री. त्यात वाट्याला जागा अशी आली की भित्र्याने तिथे एक दिवस काढू नये.

माझा जन्म शिलाई मशीनच्या पायाशी झाला. जिच्यासाठी मी झाले तिची आई शिवणकाम करते. कपडे बेतताना खाली पडणाऱ्या चिंध्या तिने पोत्यात भरून ठेवल्या होत्या. लेकीला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा तिने ते पोतं जमिनीवर ओतलं, पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची खोळ शिवली आणि सगळ्या चिंध्या माझ्यात कोंबल्या. माझ्या पोटात शाळेचे गणवेश आहेत, कुणाकुणाचे झगे आहेत, एका वकिलाच्या काळ्या कोटाचा तुकडासुद्धा आहे. कापूस मात्र औषधालाही नाही. म्हणून मी पातळ आणि गाठीगाठींची झाले, पण गुंडाळलं की काखेत मावते.

"वसतिगृहातल्या खाटेवर टाक. नुसती लोखंडी खाट पाठीला लागते गं," आई म्हणाली होती.

कसली खाट नि कसलं वसतिगृह! कॉलेजात फी भरायच्या खिडकीपाशी आई मला मांडीवर घेऊन बसली होती, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं. गेल्या वर्षी जी फी होती तेवढी तिने जमवून आणली होती. यंदा ती वाढली होती. कॉलेज आणि वसतिगृह दोन्हीचे म्हणून आणलेले पैसे कॉलेजातच संपले.

"शिकायचं वेगळं आणि राहायचं वेगळं, बाई," खिडकीतला कारकून म्हणाला. "हे शिकण्याचे झाले."

"म्हणजे तास संपले की पोरीने जायचं कुठे?"

"ते आमच्याकडे येत नाही."

तो काही उद्धटपणे बोलला नाही. सकाळपासून किती आयांना हेच सांगून बिचारा थकला होता. पण आईचे हात माझ्यावर होते ना, ते थंडगार पडले. भीती म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं, आणि तिने अजून माझा पिच्छा सोडलेला नाही.

आमच्या मागे रांगेत वरच्या वर्गातली एक मुलगी उभी होती. सगळ्या तिला ताई म्हणतात. ती वाकून म्हणाली, "मावशी, हिला आमच्याकडे येऊ द्या. खोलीत आम्ही दोघी असतो. जमिनीवर झोपावं लागेल. फक्त घरमालकीण काकूंना कळता कामा नये."

"चोरून राहायचं?" आईने दचकून विचारलं.

"चोरून कशाला? पाहुणी म्हणून."

तेव्हापासून आमच्या मुलीचं नावच पाहुणी पडलं. कुठल्याही पाहुणीने इतका मुक्काम ठोकला नसेल.

तर ही खोली. दोन खाटा, खिडकीखाली टेबल, कोपऱ्यात मोरी आणि मोरीवर माळा. माळ्याला जुन्या चादरीचा पडदा. एका खाटेवर ताई. दुसरीवर चिमणी, अंगाने एवढीशी आणि तोंडाने अखंड चालू. खालच्या मजल्यावर काकू राहतात. काकू काही दुष्ट नाहीत, उगीच पाप कशाला बोला. त्यांचा मुलगा परगावी शिकतो. तिथे त्याच्या खोलीचं भाडं वाढलं की इथलं वाढतं. पण सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलेलं, "दोघी म्हणजे दोघी. तिसरी दिसली तर तिघी बाहेर. मग माझ्यापाशी रडायचं नाही."

म्हणून ताईने दोनाचा नियम घातला. खोलीत दिसेल ते सगळं दोन. दोन कप, दोन ताटल्या, मोरीत दोन ब्रश, दारात चपलांचे दोन जोड. पाहुणीच्या चपला तिच्या पिशवीत, ब्रश दप्तरात, ओले कपडे माळ्यात माझ्या शेजारी, बाहेरच्या दोरीवर कधीच नाही. आमची जमीन म्हणजे काकूंचं छत, तेव्हा एका वेळी दोघींनीच चालायचं. तिसरी चालायला लागली की चिमणी पटकन खाटेवर पाय वर घेऊन बसते. सुरुवातीला या सगळ्याला त्या हसायच्या. मला कधी हसू आलं नाही. जिन्यावर नुसती मांजर चढली तरी माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं.

किल्ल्याही दोनच. पाहुणीला किल्ली नाही. मग ती एकटी घरी असली की या दोघी जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. बाहेर कुलूप दिसलं की काकू वर येत नाहीत, असा हिशेब. मला तो पहिल्यापासून पटला नव्हता. अहो, माणूस आत आणि कुलूप बाहेर, हे काय जगणं झालं? उद्या आग लागली, चक्कर आली, तर? पण गादीला विचारतो कोण.

रात्री ती माझ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपते आणि कुशीसुद्धा जपून बदलते. सकाळी मला गुंडाळून माळ्यात ढकलते. काकू आल्याची चाहूल लागली की खाटेच्या कठड्यावर पाय देऊन, खिडकीच्या गजाला धरून स्वतःही वर येते आणि मला पुढ्यात ओढून मागे दडते. तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत असतं. तेव्हा ती ओठांतल्या ओठांत औषधांची नावं म्हणते. मलाही दोनचार पाठ झाली आहेत. एकाही औषधाने भीती जात नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

ताईचं हे शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की ती जाणार, तिची खाट रिकामी होणार. पाहुणीला त्या खाटेचे पैसे परवडत असते तर प्रश्नच नव्हता. संध्याकाळी औषधांच्या दुकानात उभी राहून ती जे मिळवते, त्यातलं बरंचसं पुढच्या फीसाठी बाजूला पडतं. खाटेवर नवी मुलगी येणार. ती कशी असेल? गप्प बसेल का? या विचाराने आम्हा दोघींची झोप उडाली होती.

त्या दुपारी ताई आणि चिमणी पेपरला गेल्या होत्या. बाहेर कुलूप होतं. पाहुणीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. पाठ भरून आली म्हणून तिने मला भरदिवसा जमिनीवर पसरलं, चहा केला, कप शेजारी ठेवला आणि पुस्तक उघडलं. मी मनात म्हणत होते, अगं नको, वर राहू दे मला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकाची नव्हेत, तिघांची. आणि काकूंच्या किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज.

तिसरी किल्ली त्यांच्याकडे असते हे आम्ही साफ विसरलो होतो!

मी कशी गुंडाळले गेले, कशी वर फेकले गेले, काही आठवत नाही. ती माझ्यामागे आली, पडदा सरकला आणि कुलूप निघालं. मग पडद्याच्या फटीतून मला खालचा कप दिसला. बाहेर कुलूप, आत माणूस नाही, आणि जमिनीवर वाफाळता चहा. पाहुणीलाही तो दिसला असावा, कारण तिची नखं माझ्यात रुतली. माझी शिवण उसवली तिथे.

काकूंबरोबर एक रंगारी होता, केसांत पांढरा रंग उडालेला. सोबत त्याची मुलगी. ती याच कॉलेजात, पहिल्या वर्षाला.

"ही खाट पुढच्या महिन्यात रिकामी होतेय," काकू सांगत होत्या. "पाणी दोन्ही वेळ. ही मोरी, हा नळ." नळ दाखवायला त्या वळल्या. रंगाऱ्याच्या मुलीची नजर कपावर गेली. मग शेजारच्या उघड्या पुस्तकावर. मग हळूहळू वर, पडद्यावर. संपलं, मी म्हटलं. आता ही विचारणार, हा चहा कुणाचा?

तिने कप उचलला आणि तो कढत चहा घटाघट पिऊन टाकला. डोळ्यांत टचकन पाणी आलं पोरीच्या. कप ओढणीने पुसून तिने दुसऱ्या कपाशेजारी ठेवून दिला.

"काय गं, रडतेस की काय?" काकूंनी विचारलं.

"नाही... खोली आवडली," ती जीभ भाजल्या आवाजात म्हणाली.

काकूंनी भाडं सांगितलं. ऐकून रंगारी नुसताच भिंतीकडे बघत राहिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "वर ओल दिसतेय. बघू?" आणि उत्तराची वाट न बघता स्टूल ओढून चढला की!

पडदा बाजूला झाला. त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर. माझ्या कडेवरून त्याला पाहुणीचे डोळे दिसले. ती रडत नव्हती, हात जोडत नव्हती. नुसती बघत होती. मला वाटलं, बाबा रे, एकदाचं ओरड आणि मोकळं कर.

"काय आहे वर?" खालून काकू.

तो खाली वळला. "अडगळ आहे. प्लास्टर फुगलंय पण. वर हात घालू नका, डोक्यात पडेल. पावसाळ्याआधी मी येऊन करून देतो, मजुरीचं बघू नंतर." त्याने पडदा नीट लावला. उतरताना स्टूल खडखडत होतं.

कुलूप पुन्हा लागलं. पाहुणी माझ्यात तोंड खुपसून आवाज न करता रडली. मी सगळी भिजले. वाचलो बाई, मी म्हणत होते. वाचलो.

चारपाच दिवसांनी तो बाप नि ती लेक पुन्हा आले. काकू बाजारात गेलेल्या बघूनच आले होते. तिघी घरी होत्या. त्यांना बघून चिमणीची बडबडसुद्धा बंद पडली.

"घाबरू नका," रंगारी दारातच म्हणाला, पण घाबरला होता तोच. "आहे ती खोली आम्हाला सोडावी लागतेय. फीचा हप्ता भरला, हातात काही राहिलं नाही. मी कामावर कुठेही झोपेन, हिच्यासाठी या खाटेचं निम्मं भाडं झेपेल मला. सगळं नाही झेपत."

मग पाहुणी म्हणाली, "निम्मं मी देईन. दुकानात सकाळचंही काम मागते."

"अगं, मग झालंच की!" ताई उठलीच. "एक खाट, दोघींचे पैसे. एकीचं नाव काकूंना सांगायचं. पाहुणे, सुटलीस तू! आता उजळ माथ्याने जिना चढ."

खरं सांगते, मी माळ्यात होते आणि मला हसू फुटलं. तिच्या चपला दारात. तिचे कपडे दोरीवर, उन्हात. तिच्या हातात किल्ली. एवढंच तर हवं होतं आम्हाला.

"हो ना, तूच नाव दे," रंगाऱ्याची मुलगी म्हणाली. "तू किती दिवस काढलेस वर. आता मी राहीन तिथे."

तेव्हा चिमणी हळूच बोलली, तिच्या स्वभावाला न शोभेल इतकं हळू. "पण काकूंनी हिला पाहिलंय. खाट बघायला ही आली होती. हिच्या जागी दुसरीच आली तर त्या विचारणार नाहीत का, ही कोण? कुठून कळलं हिला?"

रंगारी टोपी हातात चुरगाळत राहिला. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी सुचवेल. चार चार शिकलेल्या मुली आहेत.

"मग हिचंच नाव सांगा," पाहुणी म्हणाली. "मला कुणी पाहिलेलं नाही, ते बरंच आहे. मला वरची सवय झालीय."

बोलून ती उगाच हसली. ते हसू मला अजून सहन होत नाही.

ताई गेली. तिच्या खाटेवर आता रंगाऱ्याची मुलगी आहे, तिच्या नावाने. चांगली आहे हो पोर. काकू गावाला गेल्या की खाट पाहुणीला देते आणि स्वतः माझ्यावर झोपते. पण ती नवी आहे, विसरते. परवा दोरीवर तीन टॉवेल वाळत घालून मोकळी झाली. काकूंनी खालून हाक मारली, "पोरींनो, तिसरा कुणाचा गं?" चिमणीने काहीतरी थाप मारली. काकू "हं" म्हणाल्या. ते "हं" माझ्या डोक्यातून जात नाही.

हल्ली त्या वरचेवर जिना चढतात. दारापर्यंत येतात, थांबतात, काही न बोलता उतरतात. पाहुणीला आता वर यायला सांगावं लागत नाही. पाऊल वाजायच्या आधीच ती माझ्यामागे असते. अभ्यासही इथेच करते, पडद्याच्या फटीतल्या उजेडात. अजून दोन वर्षं जायची आहेत. फी पुन्हा वाढणार म्हणतात.

आता पाऊल वाजलं बघा. मी गप्प बसते. तुम्ही जिना उतरून जाल तेव्हा वाटेत काकू भेटतील, त्यांना सगळ्यांना विचारायची सवय लागलीय. माझ्यावर एवढे उपकार करा. त्यांनी विचारलं तर डोळ्याला डोळा देऊन सांगा, वरच्या खोलीत दोघीच राहतात.