रिकाम्या किडनीच्या भरलेल्या बाटल्या

लोउ वैद्यांच्या बोटांबद्दल आमच्या दोंगयांग गावात कोणी खोटं सांगत नाही, कारण खऱ्यावरच कोणाचा विश्वास बसत नाही. एकदा एका कोरीवकामवाल्याच्या दुकानात त्यांनी सहज लाकडी अर्हताच्या मूर्तीचं मनगट धरलं आणि म्हणाले, "याच्या पोटात जंत आहेत." दुकानदार हसला. पुढच्या पावसाळ्यात अर्हताचं पोट फुटलं आणि पसाभर वाळवी बाहेर पडली. केर मी काढला, म्हणून सांगतो.

मी त्यांच्या खोलीबाहेर औषधांच्या खणांपाशी तराजू घेऊन बसायचो. ती खोली त्यांच्या आजोबांची, मग वडिलांची, मग त्यांची. हॉस्पिटल तिच्याभोवती नंतर उगवलं. त्यामुळे शी वानछिंग दार न ठोठावता आत शिरली, तेव्हा मी ज्येष्ठमध तोलायचा थांबलो. ही बाई एकेकाळी लोउ वैद्यांची शिष्या. एके सकाळी, "तुमची बोटं तुमच्याबरोबरच जळणार, मग आम्ही काय राख चोळायची?" असं तोंडावर बोलून हांगचौला रसायनशास्त्र शिकायला निघून गेली होती. आता मॅडम होऊन आली होती. मागे आमचे संचालक फान साहेब, आणि त्यांच्या मागे हातगाडीवर एक यंत्र आणि एक खोकं.

"नमस्कार, गुरुजी."

"नमस्कार दाराबाहेर ठेव. खोक्यात काय आहे?"

"बाटल्या. तुम्ही ज्यांची 'किडनी रिकामी' म्हणता, त्या पुरुषांची पहाटेची लघवी हवीय मला. शरीरात जे काय चालतं त्याचा गाळ तिच्यात उतरतो. क्षार, आम्लं, हार्मोनचा चुरा. यंत्र पडद्यावर त्याच्या आलेखाच्या टेकड्या काढून दाखवतं. तुमच्या सगळ्या रिकाम्या किडन्यांच्या टेकड्या एकसारख्या निघाल्या आणि धडधाकट माणसांहून वेगळ्या निघाल्या, तर तुमच्या बोलण्यात तथ्य आहे."

"आणि नाही निघाल्या तर?"

फान साहेब खाकरले. "तर ही खोली यंत्राला द्यावी लागेल, वैद्यबुवा. जागेची फार अडचण आहे हो."

लोउ वैद्यांनी नाडी बघताना मनगटाखाली ठेवायची उशी झटकली. धूळ बरोबर शीच्या नाकात गेली. "मूत हुंगायला तुला हांगचौला जावं लागलं? आमच्या गल्लीतली कुत्री घरबसल्या शिकली."

"कुत्र्यांचं एक बरं असतं, गुरुजी. ती वैद्याचं नाव केवढं आहे ते बघत नाहीत."

झालं. वैद्यबुवांनी बाह्या सरसावल्या आणि नाड्या बघायला बसले. कोणाला "रिकामी" म्हणाले, कोणाला "ठीक". शी बाटल्यांवर नावं चिकटवत गेली. दोघं एका टेबलाशी बसून बोलायचे माझ्यामार्फत. "त्या बाईंना सांग, बाटली माझ्या चहाजवळ ठेवू नका." "त्या गुरुजींना सांग, चहाच तपासायला हवा."

आता एक गोष्ट त्या दोघांच्याही ध्यानात आली नाही. वैद्याच्या तोंडी किडनी रिकामी म्हणजे कंबर दुखते, पाय गार पडतात, रात्री उठावं लागतं. पण बाजारात त्याचा अर्थ एकच: या गड्याचं अंथरुण थंड आहे. हॅम विकणारा गुओ चांगशेंग नुसता कंबर धरून आला होता. 'रिकामी' ऐकून त्याचा चेहरा त्याच्या दुकानात टांगलेल्या डुकराच्या मांड्यांसारखा लालभडक झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर बाटलीवर नाव! आणि घरी बायको पोटुशी, दिवस भरत आलेले.

दिवस वसंताचे होते. वसंतात आमच्याकडे शाळेच्या भिंतीला बादल्या लागतात. लहान मुलगे त्यांत लघवी करतात, अंडी विकणाऱ्या बाया त्या उचलून नेतात आणि त्यात दिवसभर अंडी उकळतात. नाक मुरडू नका, खाऊन बघा. मुलग्याचं मूत म्हणजे निर्भेळ यांग, पुरुषाची ऊब, उगवत्या सूर्याचा अर्क, असं आमचे पूर्वज सांगून गेलेत. तर त्या आठवड्यात अंडेवाली माओ आजी रस्त्यात उभी राहून ओरडायला लागली, "अरे मेल्यांनो, माझ्या बादल्या कोण पितंय? अंडी कोरडी पडलीत!"

पीत कोणी नव्हतं. पहाटे भिंतीशी रांग लागत होती. सगळे बाप्ये, हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळलेले, खिशात शीची बाटली. गुओ तर बादलीत बुडवायला घरून डाव घेऊन यायचा. हिशेब सरळ होता. यंत्राला सूर्याचा अर्क पाजायचा, म्हणजे ते सांगेल, हा गडी घोडा आहे. लोउ म्हातारा खोटा पडेल आणि बाजारात मान ताठ. मी हे सगळं माओ आजीच्या चुलीशी अंडं सोलता सोलता पाहिलं. मला कोणी विचारलं नाही.

निकालाच्या दिवशी फान साहेबांनी सभागृह भरवलं. बाप्ये छाती काढून पुढे बसले होते, बायकांना मुद्दाम घेऊन. शीचं तोंड मात्र शिळ्या भातासारखं झालं होतं. तिने पडद्यावर टेकड्या लावल्या.

"हे धडधाकट पुरुष. पुरुषी हार्मोनचा चुरा इथे दिसतो, हा डोंगर. आणि हे…" तिने चित्र बदललं. "हे गुरुजींनी रिकामे ठरवलेले."

डोंगर नव्हता. टेकाड नव्हतं. लावणीआधी चिखलणी करून ठेवलेलं भाताचं खाचर, सपाट.

"सगळे एकसारखे," शी दातांतून म्हणाली. "गुरुजींचं निदान यंत्राशी जुळतं. यंत्र मी पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं."

फान साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन, वैद्यबुवा! खोली तुमची!"

तेवढ्यात गुओची बायको पोट सावरत उठली. "ओ मॅडम, सपाट म्हणजे काय?"

"म्हणजे… पुरुषपण जवळजवळ नाहीच."

"मग हे काय मी बाजारातून आणलं?" तिने पोटावर थाप मारली. सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. तिने वळून बघितलं आणि त्याचं हसू तिथेच मेलं. "बोल ना रे, गुओ! हजार माणसांत माझी अब्रू जातेय आणि तू पायाचे अंगठे बघतोयस?"

गुओ बोलला तर बादलीचोर, न बोलला तर खोजा.

लोउ वैद्य नाडीची उशी काखेत मारून उठले. वाटलं, आता शीला टोला हाणणार. पण ते गुओपाशी गेले, मनगट धरलं आणि डोळे मिटले. तिसरं बोट दाबलं.

"खोल आहे. मंद आहे. पण मुळं आहेत," ते म्हणाले. "मी दमलेली किडनी म्हटलं होतं, तोडलेली नव्हे. हे मूत याचं नाही."

"वैद्यबुवा," फान साहेब कुजबुजले, "जिंकलायत तुम्ही, बसा खाली."

"दुसऱ्याच्या मुतावर जिंकू? कोणाचं आहे रे, गुओ?"

गुओच्या बायकोने नवऱ्याचा कान धरला. कानानेच उत्तर दिलं म्हणायचं. "शाळेतलं," तो कण्हला. "सगळ्यांनीच घेतलं. यांग असतो ना त्यात!"

मागून माओ आजीची किंकाळी आली. "माझी अंडी!"

लोउ वैद्य शीकडे वळले. "शाबास. मिसरूड न फुटलेल्यांत डोंगर कुठून यायचा? तुझ्या यंत्राला पोरं ओळखू आली. तुला आली नाहीत."

शीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि तुमच्या बाजाराला तुमचंच शास्त्र कळत नाही, ते कोणी शिकवलं?"

फान साहेब आता फार चिडले होते. "पुरे! पुरावा रद्द, म्हणजे जुळणंही रद्द. ठरल्याप्रमाणे खोली यंत्राला. वैद्यबुवा, उशी उचला."

वैद्यबुवांचा हात उशीवर गेला. ती छातीशी धरून ते दाराकडे वळले.

"खबरदार!" ओरडली ती शी. "ते कुठेही जाणार नाहीत."

"बाई, तुमच्याच यंत्रासाठी…"

"यंत्र जिन्याखाली ठेवा. निदान करायला हे नसतील, तर मी ताडून कशाशी बघू? या म्हाताऱ्याला खोटं पाडायला मी एवढी वर्षं शिकले. तो पळून गेल्यावर कोणाला पाडू, साहेब, तुम्हाला?"

"पळतोय कोण?" वैद्यबुवा फट्‌कन खाली बसले. "तू म्हातारी होशील, तरी मी इथेच असेन."

"मग बाह्या वर करा. पुन्हा पहिल्यापासून. आणि बाटल्या या वेळी डोळ्यांसमोर भरायच्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे बायकांनी आपापले नवरे हाकत आणले. गुओच्या बायकोच्या हातात तोच डाव होता, पण मारण्यासाठी. संडासाच्या दाराच्या एका बाजूला शी, दुसऱ्या बाजूला लोउ वैद्य, नववर्षाला दारावर चुकून पाठीला पाठ चिकटवलेल्या द्वारपाल देवांच्या चित्रांसारखे. आतून गुओ केविलवाणा ओरडला, "बाहेर एवढी माणसं उभी असली की येत नाही हो!"

"त्या बाईंना सांग," वैद्यबुवा मला म्हणाले, "याला म्हणतात रिकामी."

"त्या गुरुजींना सांग," शी म्हणाली, "अजून बाटली भरायचीय."