उंदीर घरात आणायचा म्हणजे

ओरेस्ते फुरलान पंच्याहत्तरीचा होता आणि त्यातली साठ वर्षं त्याने उंदरांच्या मागे लागण्यात घालवली होती. विष घालून, सापळे लावून, ऊस पेटवून, सापडला तर बुटाखाली चिरडून. आणि आज तोच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्या गाडीतून, उंदीर घरी आणायला निघाला होता. संतापाने त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कुत्रा घे म्हटलं, नको. पोपट घे म्हटलं, नको. गिनीपिग तरी घे म्हटलं!" स्टिअरिंगवर हात आपटत तो म्हणाला. "अख्ख्या इंगम गावात पोरीला उंदीरच दिसला!"

"पापा, समोर बघून चालवा," शेजारी बसलेली त्याची मुलगी लिडिया म्हणाली. "'तू निवडशील ते आणू', हे तुमचेच शब्द आहेत. आता निस्तरा."

मागच्या सीटवर लिडियाची नऊ वर्षांची तेसा दोन्ही बाजूंच्या उसाकडे बघत गप्प बसली होती. नोन्नोशी, म्हणजे आपल्या या आजोबांशी, ती पाच आठवडे बोलली नव्हती. एक शब्दही नाही.

लिडियाचा संसार मोडला तेव्हा ओरेस्ते दोन दिवस गाडी चालवत लिसमोरला गेला आणि मायलेकींना घेऊन आला. तिथपर्यंत सगळं बरोबर केलं त्याने. पण तेसाकडे बिस्किट नावाचा ससा होता. लिसमोरला ससा पाळला तर कोणी विचारत नाही. राज्याची हद्द ओलांडून इकडे क्वीन्सलँडमध्ये आलं की घरात ससा ठेवणं गुन्हा, आणि दंड असा की माणसाने आयुष्यात पुन्हा सशाचं नाव काढू नये. हद्दीअलीकडच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर ओरेस्तेने तो ससा खोक्यासकट कुठल्याशा अनोळखी बाईच्या हातात दिला आणि गाडी सुरू केली.

आता तो उंदीर आणत होता. उंदराला मात्र कायद्याची ना नव्हती. हाही कसला कायदा, असं रस्ताभर तो कडवटपणे स्वतःशी पुटपुटत होता.

ग्लेनिसबाई गावाबाहेर लाकडी खांबांवरच्या घरात राहायच्या. पूर्वी शाळेत नर्स होत्या, आता उंदीर वाढवायच्या. त्यांच्या मागच्या व्हरांड्यात जुन्या टीशर्टांचे झोपाळे टांगलेले उंच पिंजरे होते आणि टेबलावर एक छापील कागद.

"सुटा एक देत नाही, दोन न्यावे लागतात. एकटा उंदीर झुरून मरतो," त्या म्हणाल्या. "आणि घरातल्या प्रत्येकाने आधी अर्धा तास अंगाखांद्यावर खेळवायचे. आता सांगा, घरात साप पाळलाय?"

"नाही," लिडिया म्हणाली.

"विष?"

"शेडमध्ये दोन पोती," ओरेस्ते गुरगुरला. "उसाचं शेत आहे बाई, फुलबाग नव्हे."

"ते हलवावं लागेल. पुढचा प्रश्न. यापूर्वी कुठलं पाळलेलं जनावर देऊन टाकलंय?"

लिडियाने बापाकडे पाहिलं. नाही म्हणायला किती वेळ लागतो? ओरेस्तेने तोंड उघडलंही.

"ह्यांनी दिला," तेसा ग्लेनिसबाईंना म्हणाली. "माझा ससा. मी बाथरूममध्ये गेले होते, तेव्हा."

आपल्या एका वाक्याने आपले उंदीर हातचे जातील, हे त्या पोरीला पक्कं कळत होतं. तरी ती बोलली होती. एवढा राग साठला होता तिच्यात.

ग्लेनिसबाईंनी पेनला टोपण लावलं. "मग मला जमायचं नाही. चहा घेऊन जा."

"अहो, कायदा होता!" ओरेस्ते उसळला. खुर्ची मागे पडली. "आणि तुम्ही मला शिकवणार? उंदरांनी काय केलंय माझ्या घराचं, ठाऊक आहे? लिनो, माझा भाऊ. एकोणीस वर्षांचा. त्या वर्षी ऊस भिजलेला, पेटेना. पेटवला की उंदीर पळून जातात, म्हणून आधी पेटवायचा आणि मग तोडायचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण बापाला घाई. म्हणाला, हिरवाच तोडा. हातांना कापलेलं, त्यात उंदरांचं मूत. आठ दिवसांत डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि गेला! मी शेजारच्या खाटेवर होतो!"

"वाईट झालं," ग्लेनिसबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही मऊ झाला नव्हता. "पण ससा बाथरूमच्या वेळेलाच का दिला?"

ओरेस्तेला वाटलं, हे टेबल उचलून अंगणात भिरकावून द्यावं. या बाईवर, या कागदावर, साठ वर्षांपूर्वी घाई केलेल्या बापावर त्याचा जीव नुसता जळत होता. मग तो ओरडला, पण ते ओरडणं बाईंवर नव्हतं.

"कारण तिच्या तोंडासमोर द्यायची छाती नव्हती माझी! झालं समाधान? हद्दीवर चिटपाखरू नव्हतं. सीटखाली ठेवला असता तरी आला असता. ती रडली असती, मी विरघळलो असतो, म्हणून ती जायची वाट बघितली मी. चोरासारखा! लिहा ते तुमच्या कागदावर!"

ग्लेनिसबाईंनी लिहिलं नाही. त्या उठल्या, पिंजऱ्यातून करड्या डोक्याच्या दोन उंदरिणी काढल्या, एक तेसाच्या खांद्यावर ठेवली आणि दुसरी घेऊन ओरेस्तेसमोर उभ्या राहिल्या. त्याने खिशातून चामड्याचे हातमोजे काढून चढवले.

"हातमोजे काढा."

"नाही."

"मग राहू द्या."

त्याने शिव्या घालत ते ओढून काढले. कोयत्याच्या जुन्या वणांनी भरलेला तळवा पुढे आला आणि लटलट कापू लागला. उंदरीण त्यावर बसली, वण हुंगू लागली, मग अंग चोरून मागे सरकली.

"नोन्नो, हात हलवू नकोस," तेसा म्हणाली. "ती घाबरतेय."

ती घाबरतेय! ओरेस्तेने दुसऱ्या हाताने मनगट आवळलं आणि तळवा स्थिर धरला. उंदरीण हळूहळू पुढे आली.

तेसा त्याच्या समोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे अजून निवळले नव्हते.

"आणि हिला कुणाला द्यायचं नाही," ती म्हणाली. "मी बाथरूममध्ये गेले तरी."